गेटजवळच्या फळ्यावरची ओळ

विनायकपासून, म्हणजे माझ्या नवऱ्यापासून, मी आजवर दोनच गोष्टी लपवल्या आहेत. एक म्हणजे त्याच्या बहिणीनं दिलेली पैठणी आता आमच्या कपाटात नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात आहे. ते कधीतरी उघडकीला येईल, तो दोन दिवस गाल फुगवून बसेल आणि विसरून जाईल. दुसरी गोष्ट ही. ही माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही — नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवापुढे मी मोघम बोलते. 'काही चुकलं असेल तर पदरात घे.' काय चुकलं, ते सांगतच नाही. त्याला कळतंच, असं आपण धरून चालतो. किती सोयीचं असतं ना ते?

तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून सांगवेल असं वाटतंय. मध्ये थांबेन, भलतीकडे वळेन. त्या जागेवर जायला मला वेळ लागतो.

मी जालन्यात एका कॉलेजात मराठी शिकवते. माहेर मस्तगडातलं. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून होते आणि मोत्यासारखं अक्षर हीच त्यांची इस्टेट. त्यांनी मला बोरूनं लिहायला शिकवलं. आधी सगळी अक्षरं लिहायची आणि डोक्यावरची रेघ अगदी शेवटी, एका दमात ओढायची. रेघ मध्ये कापली की नाना पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावायचे. गावात मला लोक शिकवण्यामुळे कमी आणि अक्षरामुळे जास्त ओळखतात. मानपत्र असो की गणपती मंडळाचा फलक, 'मॅडमकडं जा' हे ठरलेलं. मुलं माझे तास विसरतात, अक्षर विसरत नाहीत. याचं मला वाईट वाटायला हवं. पण खरं सांगू? आवडतं.

कॉलेजच्या गेटला लागून, रस्त्याकडे तोंड करून एक काळा फळा आहे. वर सुविचार, खाली त्या दिवसाच्या दोन-तीन बातम्या. समोर चहाचं हॉटेल. प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना फळा कोण वाचतं, असं तुम्ही म्हणाल. पण हातात चहा आणि समोर फळा असला की माणूस वाचतोच. लिहिलेलं मनाविरुद्ध असेल तर दोनदा वाचतो. बरीच वर्षं तो फळा मीच लिहीत होते. सकाळी एकदा लिहिलं की दुसऱ्या सकाळपर्यंत पुसायचं नाही, असा एक न ठरवलेला नियम होता. आणि मॅडमनी स्वतः लिहिलेलं असलं, तर त्याला कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता.

मग शीतल आली.

तीर्थपुरीची मुलगी. मी तिच्या शाळेत एका कार्यक्रमाला गेले होते, तिथे फळ्यावर पाहुण्यांचं स्वागत तिनं लिहिलेलं. अक्षर कच्चं होतं, पण हातात काहीतरी होतं. घर खाऊन-पिऊन सुखी — मोसंबीची बाग, थोडा ऊस. अडचण एवढीच की त्यांच्या भावकीतली एकही मुलगी शिकायला गावाबाहेर राहिलेली नव्हती. मी स्वतः तिच्या घरी गेले. तिचे वडील कमी बोलणारे. सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “भावकी बोल लावती मॅडम. पण तुम्ही हायेत ना तिथं? मंग ठिवतो. काही कानावर आलं, तर मात्र त्याच दिवशी घेऊन जाईन.”

मी म्हटलं, 'माझी जबाबदारी.' इतकं ठणकावून म्हटलं की आतून तिच्या आईनं चहाबरोबर लाडूपण पाठवले.

शीतल कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात राहिली आणि दर रविवारी माझ्याकडे यायला लागली. नानांचा बोरू मी तिच्या हातात दिला. कित्ता गिरवणे हा शब्द आपण नुसता वापरतो. ती खरोखर गिरवायची. आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर कागद घेऊन बसायची, अक्षरं लिहायची, मग श्वास रोखून रेघ. दुसऱ्या वर्षापर्यंत तिचं अक्षर आणि माझं अक्षर यांत फरक उरला नाही. एकदा विनायक बाहेरून आला आणि म्हणाला, 'आज इतक्या लवकर फळा लिहून आलीस?' मी तर सकाळपासून घरातच होते; त्या दिवशी फळा शीतलनं लिहिला होता. मला इतका आनंद झाला! आपल्यानंतरही आपलं अक्षर राहील, असं वाटलं. त्याच आठवड्यात मी फळा तिच्याकडे सोपवला. तिला बी.ए. करायचं होतं, मग बी.एड., मग तीर्थपुरीच्या शाळेत मराठी शिकवायचं होतं. “मला तुमच्यावानी व्हायचं हाय मॅडम,” असं ती एकदा सरळ म्हणाली होती. आता ते आठवलं की कुठे बघावं, ते मला कळत नाही.

त्याच वर्षी ते युद्ध पेटलं.

कोणतं, ते मुद्दामच सांगत नाही. नाव घेतलं की तुम्ही लगेच कुठल्यातरी एका बाजूला सरकून बसाल आणि माझं ऐकायचं सोडून मी कोणत्या बाजूची, ते शोधत राहाल. आमच्याकडे तेच झालं. हजारो मैलांवरचं युद्ध. तिथला एक माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. पण महिनाभरात गावाची दोन गावं झाली. विनायक सकाळी फिरायला जातो, त्या मंडळींत फूट पडली — एक गट तलावाला उजवीकडून फेरी मारायचा, दुसरा डावीकडून. त्यामुळे रोज दोनदा समोरासमोर यायचे आणि दोनदा नजर चुकवायचे. आमच्या स्टाफरूममध्ये चहा दोन किटल्यांतून यायला लागला. ज्यांना आपल्या वॉर्डाचा नगरसेवक आठवत नव्हता, त्यांना तिथल्या शहरांची नावं तोंडपाठ. खरं तर ते भांडण तिथलं नव्हतंच. आमच्याच गल्ल्यांतलं जुनं भांडण, त्याला नवा पत्ता मिळाला होता, एवढंच.

मग पोरांचं सुरू झालं. परदेशातल्या विद्यापीठांत मुलं तंबू ठोकून बसलेली सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. मोठ्या शहरांत मोर्चे निघाले. आणि एक दिवस आमच्याही कॉलेजात मधल्या सुट्टीत दहा-बारा मुलं-मुली गेटसमोरच्या लिंबाखाली येऊन उभी राहिली. खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यांवर 'युद्ध थांबवा' लिहिलेलं. घोषणा नाहीत, काही नाही, नुसती उभी. दुसऱ्या दिवशी दुसरी तितकीच मुलं आली, त्यांचे पुठ्ठे वेगळे, आणि त्यांना घोषणा होत्या. गावाला तर नवं खाद्यच मिळालं. कुणी म्हणे, पोरांना काळीज आहे. कुणी म्हणे, आईबापाच्या जिवावर जेवून यांना जगाची पंचाईत. प्राचार्यांनी दोन्हीकडच्यांना गेटबाहेर काढलं आणि युद्धाबद्दलचे बोर्ड, पुठ्ठे, घोषणा, सगळ्यावर बंदी घातली.

शीतलनं त्याआधी मला विचारलं होतं. “मॅडम, मैत्रीण बोलवून राह्यली. उभी राहू का?”

मी म्हटलं, 'तू शिकायला आलीस. तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय. लांब राहा.' आणि ती लांब राहिली. एकदाही त्या लिंबाखाली गेली नाही. हे ध्यानात असू द्या.

आणि मी? मी जी किटली जवळ असेल, तिच्यातला चहा घ्यायचे. दोन्हीकडच्यांना वाटायचं, मॅडम आपल्यातल्या. दर मार्चमध्ये महिला दिनाला मी धैर्य या विषयावर बोलते — चांगलं बोलते, असं लोक म्हणतात — आणि वर्षभर तळ्यात-मळ्यात करते. घरी विनायक टीव्हीपुढे बसून रोज युद्ध जिंकायचा. मी पोळ्या वाढायचे. एका संध्याकाळी टीव्हीवर एक माणूस दिसला. धुळीनं सगळा पांढरा झालेला, हातांवर एक पोर. पोराच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता. विनायक म्हणाला, 'हे सगळं बनवलेलं असतं.' मी काय म्हणाले असेन? भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं.

पण तो पाय काही डोळ्यांपुढून जाईना. दुसऱ्या दिवशी नुकतं उजाडत असताना मी उठले. हिवाळ्याचे दिवस, धुकं होतं. विनायक तलावाकडे गेला, मी कॉलेजकडे. खडू माझ्या पर्समध्ये असतोच. गेट बंद होतं, पण फळा बाहेर. आदल्या दिवशीचा सुविचार मी पुसला आणि लिहिलं — 'मेलेल्या लेकराचा पक्ष कोणता?' सगळी अक्षरं आधी. मग वरची रेघ, एका दमात. फळ्याला शेवटी एक उंचवटा आहे, तिथे खडू जरासा उडाला, पण रेघ तुटली नाही.

खाली नाव नाही. फळ्यावर आम्ही नाव कधीच लिहीत नाही. घरी आले आणि आलं घालून चहा केला. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी केलं! काय केलं होतं? बिननावाची एक ओळ. तीही खडूनं. पण मला वाटलं, मी शूर आहे.

दुपारपर्यंत त्या ओळीचा फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. गंमत म्हणजे दोन्ही बाजू चिडल्या. एक म्हणे, कुणाची लेकरं ते स्पष्ट लिहा ना, मारणाऱ्याचं नाव घ्यायला काय होतं? दुसरी म्हणे, आमच्या बाजूची लेकरं गेली तेव्हा हा फळा कुठे होता? हॉटेलात नुसता गोंगाट. काही जण मात्र ओळ वाचून कप खाली ठेवायचे, पैसे द्यायचे आणि निघून जायचे. मी स्टाफरूमच्या खिडकीतून सगळं बघत होते. आणि मला मजा येत होती. हो, मजा. कुणाला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, यात जी मजा असते, ती.

दुसऱ्या दिवशी गावातली काही तरुण मंडळी प्राचार्यांकडे आली. बंदी असताना हे कुणी लिहिलं? नाव द्या. नाव शोधायला कष्ट कुणाला पडणार होते? फळा शीतलकडे. अक्षर शीतलचं. हॉस्टेलचं दार पहाटेच उघडतं, कारण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावायला जातात. म्हणजे तिला बाहेर पडणंही शक्य. वॉर्डन म्हणाल्या, ती रोज लवकरच उठते. झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं.

आणि मी गप्प राहिले.

इथपर्यंतची गोष्ट मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे. अशीच, या वाक्यावर संपवून. मी गप्प राहिले. ऐकायला फारसं वाईट वाटत नाही ना? गप्प तर कितीतरी माणसं राहतात. चारचौघांत खपून जाण्यासारखा गुन्हा आहे तो. पण ते खरं नाही. मी गप्प राहिले नाही.

प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. शीतल कपाटाजवळ उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, बस्स. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे केला. म्हणाले, “मॅडम, तुमच्याइतकं अक्षर कुणाला कळतं? एकदा बघून सांगा. हे अक्षर शीतलचंच ना?”

मी मोबाईल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. रेघेच्या शेवटी तो खडू उडालेला दिसत होता. मी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला. तेवढा सगळा वेळ माझ्याकडे होता. कुणी घाई करत नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

आणि मी म्हणाले, 'हो सर. तिचंच आहे.'

हे ते. हेच सांगायचं होतं.

शीतलनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला काही होतंय का, असं बघितलं तिनं — घरातल्या मोठ्या माणसाला चक्कर येताना आपण बघतो ना, तसं. मग खाली बघितलं आणि म्हणाली, “चुकलं सर.”

तिला ठाऊक होतं. आदल्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे फळा लिहायला आली असणार, ओळ आधीच लिहिलेली दिसली असणार, अक्षर ओळखलं असणार. आपण लिहिलं नाही, म्हणजे मॅडमनी लिहिलं. आणि मॅडमनी लिहिलेलं पुसायचं नाही, या माझ्याच नियमाला धरून ती डस्टर घेऊन तशीच परत गेली असणार. पुसलं असतं तर ती वाचली असती. खोलीत एक वाक्य बोलली असती, तरी वाचली असती. ती का बोलली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

प्राचार्यांनी तिला काढलं वगैरे नाही. माफी माग, फळा सोड आणि गुपचूप शीक, एवढंच. आणि वडिलांना कळवलं. पुढे कितीतरी दिवस मी याच गोष्टीला धरून झोपले — कॉलेजनं काढलं नाही, तिच्या वडिलांनी नेलं. बघा, माणूस स्वतःसाठी किती चांगला वकील असतो. भावकीतल्या पोरांच्या मोबाईलवर तो फोटो तिच्या नावानिशी आधीच पोचला होता. त्यानंतर त्या माणसानं तिला जालन्यात कशी ठेवायची होती?

ते दुपारी आले. भांडले नाहीत, कुणाला एक शब्द विचारला नाही. शीतल हॉस्टेलमधून पिशव्या घेऊन आली. मी गेटशी उभी होते, तिथेच, त्या फळ्याजवळ. ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं. 'माझी जबाबदारी' म्हणाले होते ना मी?

ते म्हणाले, “मॅडम, तुमची काही चूक न्हाई. तुम्ही पोरीसाठी लई केलं. तिलाच अक्कल न्हाई राह्यली.” आणि दोन्ही हात जोडून त्यांनी मला नमस्कार केला.

मी तो घेतला. मान हलवली आणि घेतला.

शीतल त्यांच्या मागे उभी होती. जीप येईपर्यंत ती फळ्याकडे बघत होती. त्या दिवशी फळा कोरा होता.

भीती कशाची वाटली, असं तुम्ही विचाराल. नोकरी जाणार नव्हती. मला कुणी मारणार नव्हतं. लोकांनी माझ्या नावापुढे काहीतरी चिकटवलं असतं, ग्रुपवर दोन-चार दिवस माझा फोटो फिरला असता. विनायकचा चेहरा पडला असता; बायको दुसऱ्या बाजूची निघाली, म्हणून फिरायला जाताना त्याला कोणत्या बाजूनं जावं, हा प्रश्न पडला असता. त्या वर्षी उपप्राचार्य नेमायचे होते आणि माझा नंबर होता. ते पद मला मिळालं. अजून माझ्याकडेच आहे. ही कारणं म्हणून सांगत नाही. होतं ते हे होतं, आणि हे सगळं एकत्र केलं तरी शीतलच्या एका वर्षाच्या तोडीचं नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. चष्मा पुसताना माहीत होतं.

तिचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. पत्रिका आली होती. वर हातानं माझं नाव लिहिलेलं होतं, भलत्याच कुणाच्यातरी अक्षरात. मी गेले नाही. पेपर तपासायचे आहेत, असं विनायकला सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात अंकुशनगरला, साखर कारखान्याजवळच्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेले होते. कारखाना चालू होता, रस्ताभर उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास. आमची गाडी अडकून पडली, म्हणून मी पाय मोकळे करायला उतरले. बाजूला पिठाची गिरणी होती. दाराला पाटी टांगलेली — 'लाईट नाही. दळण संध्याकाळी मिळेल.' मला सवयच आहे, कुठेही लिहिलेलं दिसलं की आधी अक्षर बघते. हे वाकडं होतं, उजवीकडे कललेलं. आणि डोक्यावर रेघच नव्हती. अक्षरं नुसती बोडकी.

“मॅडम?”

आतून शीतल आली. भुवयांवर पीठ, डोक्याला फडकं. हसली. नवरा कारखान्यात आहे, मुलगी बालवाडीत गेलीय, गिरणी ती बघते, असं तिनं भराभरा सांगितलं. स्टूल पुसून दिलं. स्टोव्हवर चहा टाकला. विनायकची चौकशी केली, नानांच्या बोरूची केली. मी पाटीकडे बोट केलं आणि कोण लिहितं, असं विचारलं.

“मीच लिहिते की.”

“आणि रेघ गं?”

“सोडली मॅडम. तेव्हाच सोडली. लई जड गेलं आधी. लिहून झालं की हात आपोआपच वर जायाचा.” तिनं हवेतच हात वर नेऊन दाखवला, आणि स्वतःशीच हसली. मग कप माझ्या हातात दिला. “साखर बराबर हाय ना?”

लाईट नव्हती, त्यामुळे गिरणी बंद होती. आत आम्ही दोघीच. गाडी अजून अडकलेलीच. आयुष्यानं मला ती खोली पुन्हा एकदा उघडून दिली होती, यावेळी प्राचार्य नव्हते, फोटो नव्हता, काही नव्हतं. शीतल माझ्यासमोर पोत्यावर बसली होती आणि वाट बघत होती, असं मला वाटलं. कदाचित नसेलही. कदाचित ती फक्त माझा चहा संपायची वाट बघत असेल.

मी म्हणाले, 'पीठ बारीक निघतं का गं तुमच्याकडे?'

“निघतं की,” ती म्हणाली. आणि निघताना किलोभर ज्वारीचं पीठ पिशवीत भरून दिलं. नको-नको म्हणत मी घेतलं. त्याच्या भाकरी आम्ही आठवडाभर खाल्ल्या. विनायक म्हणाला, पीठ छान आहे, कुठून आणलंस? म्हटलं, रस्त्यात मिळालं.

फळा आता पुन्हा मीच लिहिते. शीतलनंतर कुणाला शिकवलं नाही. हवामान, परीक्षांच्या तारखा, थोर लोकांची वाक्यं — असंच काहीतरी. युद्धाबद्दल त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. युद्धं काही थांबली नाहीत. मध्ये दुसरं झालं, तिसरं झालं, तलावाच्या फेरीत गट पुन्हा बदलले, स्टाफरूममध्ये किटली आता पुन्हा एकच झाली आहे. त्या ओळीची आठवण गावात कुणाला नाही. प्राचार्य निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. हे अक्षर शीतलचंच ना?

नाही सर. माझं आहे. ती ओळ मी लिहिली.